चहा घेताना सांगितलेलं

वॉर्डात ती सगळ्यांची सिस्टर, घरात मात्र शेंडेफळ. तापाने फणफणलेला माणूसही तिच्या बोलण्याने हसायचा. म्हणूनच मोठ्या डॉक्टरांनी नव्या अँटिबायोटिकच्या चाचणीसाठी रुग्णांशी बोलायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. औषध जंतूंना कितपत मारतं आणि माणसाला कितपत सोसतं, दोन्ही पाहायचं होतं. ती कुणाला भुलवत नसे. त्रास होऊ शकतो, नको वाटलं तर केव्हाही थांबता येतं, हे आधी सांगायची.

मग तिची थोरली बहीणच किडनीच्या जंतुसंसर्गाने दाखल झाली. ताई लाँड्रीत इस्त्री करायची. आजारपण म्हणजे कामचुकारांचे लाड, असं तिचं ठाम मत. धाकटीचं चाचणीबद्दल सगळं सांगून व्हायच्या आतच ती म्हणाली, "तू आहेस ना इथे? मग लाव सलाईन."

ताप झपाट्याने उतरला, पण ताईच्या कानात शिट्टी वाजू लागली. सिस्टरने ते लगेच डॉक्टरांना सांगितलं. अशक्तपणा असेल, औषध चालू ठेवा, असं ते म्हणाले. त्यांच्या हाताखाली तिची उमेदीची वर्षं गेली होती. पुढची बाटली तिने स्वतःच्या हाताने टांगली. दुपारी चहा घेताना त्यांनी घरच्यासारखी विचारपूस केली. लहानपणी ताईचा कान फुटला होता, मग बरा झाला, असं ती बोलता बोलता सांगून गेली.

ताई घरी गेली तेव्हा तिला दारावरची बेलही ऐकू येईना.

चाचणीच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी समिती चौकशीला आली. सिस्टर मागच्या खुर्चीवर बसली होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "त्या बाईंना कानाचा जुना आजार होता. त्यांच्या सख्ख्या बहिणीनेच सांगितलंय मला." आणि तिच्याकडे वळून ओळखीचं हसले.

ती खुर्चीवरून उठली.

"कान बरा झाला होता, हेही सांगितलं होतं मी, सर. आणि शिट्टीचंही."

समितीने नवे रुग्ण घेणं थांबवलं. आधीच्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा आणखी काहीजणांचे कान वाजत असल्याचं निघालं. चाचणी डॉक्टरांकडून काढून घेतली. जिन्यात गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, इतक्या वर्षांची हीच का जाण ठेवलीत? ती खाली उतरली.

त्या संध्याकाळी तिने ताईसमोर बसून सगळं सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. ताई तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"डॉक्टर परका गं," ती म्हणाली. "मी तुझ्या भरवशावर हो म्हटलं होतं."

ताई आता कानाला यंत्र लावते. लाँड्रीत, बाजारात बरंच ऐकू येतं म्हणे. धाकटी भेटायला आली की मात्र ते काढून टेबलावर ठेवते.