दाढेचं नव्हतं मायचं दुखणं

मित्रांनो, आज बायकोला वाशिमला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, "चढ चढताना जबडा दुखतो का?" मला एकदम माझी माय आठवली.

सत्तरच्या दशकात आम्ही मंगरूळपीरजवळच्या खेड्यात राहायचो. विहिरीवरून येताना माय डोक्यावरचा पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, खाली ठेवायची आणि गाल दाबून बसायची. जरा बसलं की दुखणं थांबायचं.

बा विचारायचा, "काहून बसली वं?"

"दाढ ठणकून राह्यली."

शेवटी तालुक्याला नेऊन दाढ काढली. तरी दुखणं तसंच. चुकीची काढली असेल, म्हणून मायनं दुसरीही काढून घेतली.

त्याच उन्हाळ्यात माय वाटेत बसली ती उठलीच नाही. बा तिचा गाल चोळत राहिला. दुखणं कुठलं, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

हृदयाचं दुखणं जबड्यातही येतं, हे आज डॉक्टरांनी सांगितलं. बायकोचे उपचार सुरू झालेत. तुमच्या घरी कोणी चालता चालता असं थांबून बसत असेल, तर लगेच दाखवा.

पण मला आत्ता कळलेलं हे मी मायले कसं सांगू?