गेमचं कार्ड काढताना

रिसोडला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. काउंटरवर बसलं की किस्से आपोआप जमतात. पण सगळ्यात जास्त जमले ते एका नखाएवढ्या वस्तूचे. हातात धरून खेळायचे गेम असतात ना, त्यातलं मेमरी कार्ड! काढायची पद्धत साधी. गेम सेव्ह करा, मशीन बंद करा, कार्ड बोटानं आत दाबा. टक् झालं की ते स्वतःच बाहेर येतं. एवढंच.

*

रिठदचे एक भाऊ आले. मशीनची खाच पार वाकडी झालेली.

"कार्ड निघतच नव्हतं. मंग सांडशीनं ओढलं."

"आधी आत दाबलं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मीच येडा. "काढाचं हाय, तं आत दाबू कायले?"

*

तेव्हापासून फोनवरही नीट समजावून सांगतो. किन्हीराजाच्या एका ताईंना म्हटलं, "आधी पूर्ण बंद करा, मगच कार्ड काढा."

"थांबा," म्हणाल्या. फोन ठेवून कुठेतरी गेल्या. मग मागून कोणीतरी ओरडलं, "पंखा काहून बंद झाला?"

ताई फोनवर आल्या. "केलं बंद भाऊ. पार मीटरपासून!"

गेम हातात चालूच होता. बॅटरीवर.

*

दाबून बोट पटकन सोडलं तर कार्ड उडतं. आमच्या देवानंदभाऊंचं असंच उडालं. दोघांनी गुडघ्यावर बसून अख्खं दुकान झाडलं, सापडलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन. कार्ड शर्टाच्या खिशात होतं, आणि शर्ट वॉशिंग मशीनमधून निघालेला!

"चालू करू नका, आधी वाळू द्या!"

"चालू केलं नं! पयलेपेक्षा फास्ट चालून राह्यलं."

*

हा किस्सा माझ्यावरचा. नववीतल्या श्रावणीचा पाय मोडला होता. दोन महिने प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या तिनं गेममध्ये एक शहर वसवलं. रस्ते, तळं, दवाखाना, सगळं. एक बटण चिकटायला लागलं म्हणून वडिलांसोबत कुबड्या घेऊन दुकानात आली. मी बोलण्याच्या नादात मशीन चालू असतानाच कार्ड काढलं. परत घातलं, तर शहर गायब!

तासभर खटपट केली, काही परत आलं नाही. कार्डच खराब होतं म्हणून सांगता आलं असतं. जीभ वळली नाही. "चूक माझी आहे बेटा," म्हटलं.

ती रडली नाही. काउंटरवर मीच लावलेला बोर्ड तिनं मोठ्यानं वाचला, "कार्ड काढण्याआधी मशीन बंद करा." मग म्हणाली, "काका, हे फक्त गिऱ्हाइकायसाठी हाय का?"

तोंड लपवायला जागा नव्हती! प्लास्टर निघाल्यावर मुद्दाम येऊन नवीन शहर दाखवून गेली, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

*

केनवडचे वानखडे सर रिटायर्ड मास्तर. मुलानं पाठवलेला गेम सर आणि काकू दोघंही खेळतात. मशीन एक, कार्डं दोन, म्हणजे भांडण नको.

सोमवारी सर एकटेच आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "काकूचं कार्ड असं काढ, का तिचा गेम उडला पाह्यजे. अन् तिले वाटलं पाह्यजे, का आपोआपच उडला."

काकू एक्केचाळिसाव्या लेव्हलवर होत्या. सर दोन महिन्यांपासून चौथ्या.

"सर, हे काम आपल्याकडे होत नाही," म्हटलं. सर मशीन पिशवीत घालून निघून गेले.

मंगळवारी काकू आल्या. दोन्ही कार्डं कापसात गुंडाळून, जपून आणलेली.

"बापू, माहा गेम सरच्या कार्डात कॉपी करून दे. चौथ्यातच अडकून राह्यले. जेवताना बोलत नायी माणूस. पण त्यायले सांगू नको."

करून दिला.

शनिवारी सर पेढे घेऊन हजर! "एक्केचाळीस! कसा खेळलो, माह्यं मलेच समजलं नायी!"

मी पेढा तोंडात टाकला. सर जवळ सरकले.

"ते कार्ड उडवाचं राहू दे. आता मीच शिकवून राह्यलो तिले."