कारण : वारा

टेलिफोन कंपनीचे कागद चाळले तर आमच्या गावात वारा फक्त रविवारी सुटतो असं कुणालाही वाटेल. रविवारी लग्न किंवा बाप्तिस्मा व्हायचा आणि सोमवारी सकाळी कंपनीचा तारवाला मानूसोस खांबावर चढायचा. तुटलेली केबल जोडायची, लाकडात रुतलेली गोळी चाकूने उकरून खिशात टाकायची, खाली उतरून दुरुस्तीच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात लिहायचं : वारा. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. क्रीटच्या या डोंगरात बंदूक उडाल्याशिवाय आनंद झाला असं कुणी मानत नाही, आणि कुणाच्या बंदुकीने तार तुटली ते कागदावर कुणी लिहीत नाही. लिहिलं तर पोलीस येऊन दडवलेल्या बंदुकांसाठी घराघरातल्या भिंती ठोकून बघतात, आणि लिहिणाऱ्याच्या मेंढ्या दुसऱ्या सकाळी गळे चिरून पडलेल्या सापडतात.

मानूसोसही काही साधुसंत नव्हता. स्वतःच्या लग्नात त्याने विजेची तार उडवली होती आणि त्याच्या बायकोने पहिला घास अंधारात चाचपडत खाल्ला होता. पुढे नोकरी लागली ती नेमकी तारा जोडायची. एकदा तो खांबावर असताना खालच्या एका टवाळाने गंमत म्हणून त्याच्या हाताशेजारच्या, तार बांधायच्या चिनीमातीच्या वाटीवर नेम धरला. ठिकऱ्या उडाल्या, मानूसोसची डावी भुवई फाटली. तो खाली उतरला, खांबावर चढायचा लोखंडी आकडा पायातून सोडवला आणि त्या टवाळाचा जबडा दोन ठिकाणी मोडला. दोन्ही घराण्यांत सहा वर्षं बोलणं बंद होतं. शेवटी पाद्र्यानेच मध्ये पडून मिटवलं. आणि फॉर्मवर? त्याही दिवशी वाराच.

गावाच्या वरच्या अंगाला दहाबारा घरं परदेशी लोकांनी घेतली होती. सगळ्यात वरच्या घरात डेन्मार्कची बिर्थेबाई आणि तिचा नवरा योर्गेन राहायचे. पाणी, वीज, फोन, काहीही बंद पडलं की ही सगळी मंडळी मानूसोसला हाक मारायची. कंपनीच्या कचेरीतली पोरगी फोनवर इतकं भरभर बोलायची की त्यांना आपण कुठे फोन लावला तेही कळायचं नाही. मग मानूसोस त्यांची बिलं वाचून दाखवायचा, पाणी सोडणाऱ्याला शिव्या घालायचा, पंपाचा वॉशरही बदलायचा. मोबाइल नुकते निघाले होते, पण डोंगराच्या त्या कुशीत त्यांचा उपयोग घड्याळाइतकाच. सगळ्या वरच्या घरांचा जीव मानूसोसच्या एका केबलला टांगलेला होता.

फॉर्मखाली ग्राहकाची सही लागायची. बाकीचे न वाचता करायचे. बिर्थेबाई चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायची. इतक्या वर्षांत तिला ग्रीकमधलं 'तुम्ही' काही जमलं नव्हतं. ती पाद्र्यालासुद्धा अरेतुरे करायची.

"मानूसोस, तुझा वारा भोक गोल पाडतो."

"बाई, इथला वारा नेमबाज आहे."

ती हसून सही करायची. योर्गेन मात्र हसायचा नाही. त्याचं काळीज दुबळं होतं, ओठ कायम निळसर. एकदा तो म्हणाला, "एक दिवस मला फोनची गरज पडेल, आणि त्या दिवशी तुमच्यात कुणाचं तरी लग्न असेल." मानूसोसने त्याच्या पाठीवर थाप मारली होती. ती थाप त्याला पुढे फार छळणार होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी मानूसोसच्या थोरल्या भावाच्या, स्त्रातिसच्या, नातवाचा बाप्तिस्मा झाला. चर्चमधून मंडळी स्त्रातिसच्या अंगणात आली तेव्हा बारा वाजले होते. मेंढीच्या रश्श्यातला भात परातींत वाफाळत होता, लिरा, ही इथली सारंगी, वाजत होती, आणि पिस्तुलं, रायफली, जे जे भिंतीत दडवलेलं होतं ते सगळं बाहेर आलं होतं. पोरांच्या पायांखाली रिकाम्या पुंगळ्या घसरत होत्या. एका पाहुण्याचा हात बंदुकीच्या दस्त्याने सोलवटला, त्यावर दारू ओतून तो परत गोळ्या भरायला बसला.

मानूसोसने वीस वर्षांत बंदूक हातात धरली नव्हती. स्त्रातिसने आतून बापाची जुनी जर्मन रायफल आणली. ती युद्धात एका मेलेल्या शिपायाच्या अंगावरून काढलेली होती. तसली लांब, अणकुचीदार गोळी गावात दुसऱ्या कुणाच्या बंदुकीत बसत नव्हती. गोळ्या तीनच उरल्या होत्या.

"घे. बापाने याच दिवसासाठी ठेवल्या होत्या."

"माझी केबल आहे तिथे, स्त्रातिस. उद्या मलाच चढायचंय."

"ऐका रे ऐका! तारवाला घाबरला!" स्त्रातिस परात बडवत ओरडला. "बायकोचा स्कार्फ आणून द्या याला!"

सगळं अंगण हसलं. मानूसोसच्या पोटात चार ग्लास गेलेले होते. त्याने रायफल हिसकावली, आभाळाकडे धरली आणि तिन्ही गोळ्या उडवल्या. खांद्याला बसलेला दणका त्याला बरा वाटला, हे तो नंतर स्वतःशीसुद्धा कबूल करायला कचरायचा. तेव्हा दोन वाजून गेले होते.

चारच्या सुमाराला बिर्थेबाई उतारावरून खाली आली. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय रक्ताने माखलेला. ती ओरडत होती, पण गोळ्यांच्या आवाजात तिचं तोंड नुसतं उघडझाप करताना दिसत होतं. कुणाला वाटलं बाई नाचायला आली. एकाने तिच्या हातात ग्लास दिला. स्त्रातिसने तर तिच्या मानाखातर हवेत आख्खं पिस्तूल रिकामं केलं. मानूसोसने तिचा पाय पाहिला आणि टेबल उलथून धावला. गाडी दगडांवर आपटत वर नेली. योर्गेन स्वयंपाकघरात फरशीवर पडला होता. उचलला तेव्हा श्वास होता. दवाखान्याच्या दारात नव्हता. डॉक्टर म्हणाली, अर्धा तास आधी आणलं असतं तर. बाईला उतार उतरायलाच पाऊण तास लागला होता.

सोमवारी सकाळी मानूसोस खांबावर चढला. हा खांब स्त्रातिसच्या अंगणामागेच होता. केबल खांबाला लागूनच फाटली होती, आणि तिच्या मागे लाकडात एक भोक होतं. त्याने चाकू घातला. गोळी बाहेर यायच्या आधीच, नुसत्या तिच्या लांबीवरून, त्याला कळलं. तरी त्याने ती पुरती उकरून खिशात टाकली. कितीतरी वेळ तो पट्ट्यात लोंबकळत कपाळ खांबाला टेकून राहिला. मग त्याने केबल जोडली, एकेक तार, नेहमीपेक्षा सावकाश.

खाली स्त्रातिस उभा होता. मानूसोसने त्याला तळहातावर गोळी दाखवली आणि खिशातून फॉर्मचं पुस्तक काढलं.

"वारा लिही," स्त्रातिस म्हणाला.

"माणूस मेलाय."

"म्हातारा होता. एक पाय खड्ड्यातच होता त्याचा. तू काय त्याच्यावर नेम धरलास?"

"तू मला बायकोचा स्कार्फ दाखवलास ना? मग आता बघ, पुरुष काय लिहितो ते."

"अरे गाढवा, तू नाव लिहिलंस की पोलीस उद्या सगळं गाव उकरतील! माझी दोन पोरं तुरुंगात जातील. एका परक्या म्हाताऱ्यापायी?"

"मी फक्त माझं नाव लिहितोय."

स्त्रातिसने पुस्तक ओढलं, वरचा फॉर्म फाडला. मानूसोसने त्याच्या छातीत डोकं घातलं. दोघं पासष्टीच्या घरातले भाऊ धुळीत लोळले. स्त्रातिसने त्याचा कान दातांत धरला. मानूसोसने त्याच्या बरगड्यांवर गुडघा रोवला, आत काहीतरी मोडल्याचं त्याला जाणवलं तरी तो थांबला नाही. स्त्रातिसची बायको बादलीभर पाणी ओतून किंचाळली तेव्हा ते सुटले. कानाचा तुकडा गेलेलाच होता.

"आजपासून मला भाऊ नाही," स्त्रातिस बरगड्या धरून म्हणाला.

"मला कालपासूनच नाही," मानूसोस म्हणाला, आणि खांबाला टेकून दुसरा फॉर्म भरायला बसला. कागदावर रक्ताचे थेंब पडत होते. ते बाहीने पुसत त्याने लिहिलं.

बिर्थेबाईने दार उघडलं. तिने त्याच्या कानाकडे पाहिलं आणि त्याला आत घेतलं. पायाला पट्टी होती. फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवर होता, आणि त्याच्या शेजारी योर्गेनने पेन्सिलने आकडे लिहून ठेवले होते. दवाखाना नाही, पोलीस नाही. मानूसोसचं घर, मानूसोसचा कॉफीचा अड्डा, आणि तिसऱ्या ओळीत रविवारसाठी स्त्रातिसचं घर. काल फोन चालू असता तर तो त्याच अंगणात वाजला असता, त्याच्यासाठी.

"सही हवी, बाई."

तिने चष्मा लावला. नेहमीसारखं पहिल्या ओळीपासून वाचत गेली. 'कारण' या शब्दापाशी तिचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं : बंदुकीची गोळी. उडवणारा मी, मानूसोस. त्याने खिशातली गोळी टेबलावर ठेवली.

तिने गोळीकडे पाहिलंही नाही. भिंतीवरचा रिसीव्हर ओढला आणि त्याच्या तोंडावर मारला. मग पुन्हा. आणि पुन्हा. फाटलेली जुनी भुवई परत फाटली, दात ओठात घुसला. अडदांड माणूस, त्याने एका हाताने तिला अडवलं असतं. त्याने हात मागे बांधून घेतले आणि मान खाली केली, म्हणजे तिला उंच पोचायला नको.

ती दमली. धापा टाकत तिने रिसीव्हर कानाला लावला.

"चालू आहे," ती म्हणाली. "आज चालू आहे."

तिने फॉर्मवर सही केली, एक प्रत फाडून स्वतःजवळ ठेवली. मग रक्ताळलेल्या रिसीव्हरवर मुलाचा, कोपनहेगनचा, नंबर फिरवला. मानूसोसला जा म्हणाली नाही, म्हणून तो उभा राहिला. पलीकडून कुणीतरी उचललं. बाई समोर कागद धरून आपल्या भाषेत बोलू लागली, एकसुरात, न रडता. त्याने जोडलेल्या तारेवरून आवाज स्वच्छ जात होता. त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द त्याला कळला, आणि तो त्याचं नाव होता.