पिशवीशी वाकणारी अक्का

नवऱ्याच्या पोटात कळ आली तेव्हा मी पित्त समजून त्याला थंड दूध पाजलं. बोम्मसंद्र्याच्या हॉस्पिटलात रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे. तोंडाने काही द्यायचं नाही, फक्त सलाईन. ते दूध अजून माझ्या मनातून जात नाही.

वॉर्डात काम करणाऱ्या अक्काचं नाव मी कधी विचारलं नाही. दर तासाला ती खाटेशी उकिडवी बसायची, लघवीच्या पिशवीवरचा आकडा तळहातावर लिहायची आणि ‘सरी’, म्हणजे कानडीत ‘ठीक’, म्हणून उठायची. नवरा उशी पोटाशी धरून, पुढे वाकून कण्हायचा. तिची नजर पिशवीवरच.

एकदा मी चिडले. “अक्का, माणूस इकडे ओरडतोय आणि तुम्ही पिशवी काय बघता?”

ती बेळगावकडची. शांतपणे म्हणाली, “वरडतंय तंवर मला भ्या नाही, बाई. पिशवी भरायची थांबली की भ्या वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कण्हायचा थांबला. औषध लागू पडलं म्हणून मी हात जोडले. अक्का आली, बसली, पिशवी बोटाने हलवून पुन्हा पाहिली. तळहातावर काही लिहिलं नाही, ‘सरी’ म्हणाली नाही. उठली आणि सिस्टरकडे धावली.

लघवी थांबली होती, मूत्रपिंडं बंद पडायला लागली होती. आठवड्याने तो आयसीयूतून बाहेर आला. आता घरी बिनतेलाच्या भाजीवर दिवसभर कुरकुरतो, ते मी आनंदाने ऐकते. गप्प झाला की मात्र हातातलं टाकून त्याच्याकडे जाते.