एक जूनचा मॅक्रो

हसू नका म्हणून काही उपयोग नाही, तेव्हा खुशाल हसा!

बंगळूरला कॉम्प्युटर शिकून मी सापगावला परतलो, ते शहापूर तालुका सुधारायचाच अशा तयारीने. सुरुवात केली मुलींच्या वसतिगृहाच्या अर्जापासून. तो वर्डमध्ये बसवला आणि आत मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे काय? तर मशीनमध्ये बसलेला खडूस तपासनीस! रकाना चुकला की पुढे जाऊच द्यायचा नाही. शिवाय, वर्ष कुठलंही असो, दोन अर्जांत जन्माचा दिवस-महिना जुळला की पाटी झळकणार, ‘नक्कल!’ केवढी ही हुशारी! माझीच माहिती भरून पाहिली. झकास चालला.

दुसऱ्या दिवशी डोळखांबकडच्या पाड्यावरून चिमीबाई लेकीला, चांगुणाला घेऊन आमच्या घरी आल्या. शेवटचा दिवस, पाचच्या आत शहापूरला अर्ज द्यायचा. नाहीतर पोरगी आईबरोबर वीटभट्टीवर.

“जन्मतारीख?”

“एक जून,” चांगुणाने शाळेचा दाखला पुढे केला.

टुण्ण! ‘नक्कल!’

“बाई, खरी तारीख सांगा.”

“दाखल्यावर हाय ना! गुरुजींनी लिवलीय.”

“पण जन्म नक्की कधीचा?”

“आमी नाचणी कापीत होतो तवा.”

नाचणीची कापणी आणि जूनमध्ये? पकडलं! मी उभा राहून भाषणच ठोकलं. खोट्या माहितीवर देश उभा राहतो का? वगैरे वगैरे.

“दादा, देश उंद्या उभा कर. चार वाजलं!”

“मग दोन जून टाकू?”

“दाखल्यात येक नि अर्जात दोन? हाकलतील ना आमाला!”

तेवढ्यात माझी आई चहा घेऊन आली. “अरे बाला, तारीख ठावूक नसली का गुरुजी सगल्यांना एक जूनच लावतात. अर्धा गाव एक जूनचा!”

मग मशीनला आधी कुणाची एक जून सापडली? भरलेल्या अर्जांची यादी उघडली. आत एकच नाव. माझं!

“आई, माझी तरी खरी ना?”

“तुजी? तू होळीच्या आदल्या दिवशी झालास!”

चार वर्षं बंगळूरला एक जूनला केक कापत होतो हो मी!

“आये गो, दादाच नकली!” चांगुणा खिदळली.

चिमीबाईंना कसलं हसू? “मंग तुजी खोड ना रे, आमच्या पोरीची राहू दे!”

माझं नाव खोडलं. मॅक्रो गप्प. प्रिंट काढली, बाबांच्या मोटारसायकलवर तिघं बसलो आणि पाचला दहा कमी असताना अर्ज खिडकीत सरकवला. शिक्का पडला तेव्हा कुठे चिमीबाई हसल्या.

परत येताना चांगुणाने मागून विचारलं, “दादा, आता तू अर्ज भरशील तवा कुठली तारीख लिवशील?”

“एक जून,” मी म्हणालो. “दाखल्यावर हाय ना!”