अक्कांचा डावा हात

"डावा हात घर सांभाळतो, आणि उजवा माहेरी आलेला असतो," असं म्हणत अक्का दोन्ही हात टेबलावर ठेवायच्या. डावा हात लगेच कामाला लागायचा. ठरलेली चाल, खालून वर, वरून खाली, पुन्हा तीच, जात्यासारखी. उजवा जरा वेळ नुसता बसून राहायचा आणि मग एखादी खोडी काढावी तसा भलत्याच जागी टपकायचा. शिक्षक-खोलीतल्या कपबश्या किणकिणायच्या. भूगोलाच्या बाई वह्यांतून मान वर करून म्हणायच्या, "अक्का, चहा सांडेल."

"सांडू द्या. डावा थांबला तर घरच सांडेल."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या अंगात असं काही असतं की त्यांच्या गावाला त्याचं नावसुद्धा ठाऊक नसतं. अक्कांच्या अंगात जे होतं त्याला बुगी-वुगी म्हणतात, पियानोवर वाजवायचं अमेरिकेतलं नाचाचं संगीत. हे मला त्यांनीच सांगितलं. मी आधी समजलो, त्या थट्टा करताहेत.

मी तेव्हा जळगावहून टायपिंगच्या परीक्षा पास होऊन धुळ्याला, देवपुरातल्या एका मुलींच्या शाळेत कारकून म्हणून लागलो होतो. अक्का तिथे शिवण आणि संगीत शिकवायच्या. वय पंचेचाळिशीचं, फिकट सुती साडी, गळ्यात शिंप्याची टेप. ती टेप त्या घरी जातानासुद्धा काढायला विसरायच्या. शाळेच्या हॉलमध्ये एक जुना काळा पियानो होता. फार पूर्वी एक विलायती मुख्याध्यापिका होत्या, त्या मायदेशी जाताना तो मागे ठेवून गेल्या होत्या. सकाळी अक्का त्यावर प्रार्थना वाजवायच्या, अगदी सरळ, मान खाली घालून. मला वाटायचं, एवढंच येत असेल बाईंना.

एके दिवशी साडेपाचला मी हॉलची किल्ली शोधत गेलो, तर दार आतून लावलेलं आणि आत गाडी धावत होती. दुसरा शब्द मला सुचत नाही. दाराबाहेर शिपाई नाना झाडू टेकवून उभे होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "रोजनं शे हाई," ते कुजबुजले. "कोनले सांगू नका."

मग मीही रोज थांबू लागलो. आठवड्याभरात अक्कांच्या लक्षात आलं. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "भाऊ, बाहेर उभा राहून ऐकतोस ते बरं दिसत नाही. आत ये, आणि पाय वाजवायचा नाही."

पाय न वाजवणं मला कधीच जमलं नाही.

त्या मूळच्या फैजपूरच्या, शेतकरी घरातल्या. वडील भुसावळला रेल्वेच्या क्लबात दिवे-पंखे सांभाळायला होते. दुपारी ते हॉल झाडत, तेव्हा सहा-सात वर्षांची अक्का फडक्यानं पियानोच्या पट्ट्या पुसायची. पुसताना प्रत्येक पट्टी वाजायची. एका गोऱ्या इंजिन ड्रायव्हरची बायको तिथे नाचाच्या दिवशी वाजवायला येई. तिनं ही पोर हेरली आणि शिकवायला घेतली. बदल्यात अक्कांच्या आईनं दर रविवारी तिला वांग्याचं भरीत पाठवायचं. "बाईला तिखट सोसायचं नाही," अक्का सांगायच्या. "डोळ्यांतून पाणी काढत खायची आणि ओरडायची, लेफ्ट हँड, लेफ्ट हँड!"

दहा वर्षं हे चाललं. मग लग्न होऊन अक्का धुळ्याला आल्या. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. अंथरुणाला खिळलेली सासू तेवढी उरली. तिचं सगळं अक्काच करायच्या. शाळा सुटल्यावरचा तो अर्धा तास म्हणजे सासूच्या लेखी 'जादा तास' होता. "खोटं कुठे आहे?" त्या म्हणायच्या. "जादाच आहे तो."

आता मी केलं ते सांगतो.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका मी टाइप करत होतो. नाटुकलं, भोंडल्याची गाणी, बक्षीस समारंभ. बक्षीस समारंभाच्या आधीच्या ओळीत मी कुणालाही न विचारता घातलं, 'पियानोवादन.' आणि पुढे अक्कांचं नाव. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. एवढं मोठं काहीतरी बंद दाराआड रोज अर्धा तास चालतं आणि ते ऐकणारे आम्ही दोघंच, याची मला चुटपुट लागली होती.

अक्का पत्रिका घेऊन ऑफिसात आल्या. "हे कुणी घातलं?"

"मी, अक्का."

त्यांनी कागद टेबलावर ठेवून त्या ओळीवर बोट टेकवलं. मला वाटलं, खोडायला सांगतील. पण म्हणाल्या, "पियानो अंगणात न्यायला आठ जणी तरी लागतील. दहावीच्या मुलींना सांगून ठेव."

दुपारची वेळ. अंगणात मांडव, मुली सतरंजीवर, त्यांच्या आया मागे बाकांवर, पुढे खुर्च्यांवर संस्थेचे अध्यक्ष आणि पाहुणे. अक्कांनी आधी प्रार्थना वाजवली. टाळ्या पडल्या. मग त्यांनी गळ्यातली टेप काढून पियानोवर ठेवली आणि डावा हात सुरू केला.

पहिली दोन मिनिटं कुणाला काही कळलं नाही. मग पाचवीच्या पोरी डोलू लागल्या. मग नववीतली एक उठून उभी राहिली, तिच्याबरोबर तिची अख्खी रांग उठली, आणि बघता बघता सतरंजीवर बसलेलं कुणी उरलं नाही. मागे आया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. नाना माझा दंड धरून म्हणाले, "साहेब, बठ्ठी शाळा डोली ऱ्हायनी!" अक्कांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता. दहा वर्षांच्या मुलीचा होता तो.

अध्यक्ष हसत नव्हते. त्यांच्या शेजारच्या पाहुण्यांनी काहीतरी म्हटलं. नंतर कळलं, ते म्हणाले होते, "हे तर हॉटेलात वाजवतात." अध्यक्षांनी थांबवायची खूण केली. अक्कांना ती दिसली नाही. अध्यक्ष उठले, पाहुण्यांना घेऊन निघून गेले. बक्षीस समारंभ झालाच नाही.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला अक्कांना द्यायच्या ताकीदपत्राचा मजकूर दिला. 'संस्थेच्या परंपरेस व स्त्री-शिक्षिकेच्या पेशास न शोभणारे वादन करून विद्यार्थिनींना बेशिस्त वर्तनास प्रवृत्त केल्याबद्दल…' मी तो तीन प्रतींत टाइप केला. यापुढे प्रार्थनेला पेटी वापरावी आणि पियानो कुलूपबंद ठेवावा, असंही त्यात होतं.

अक्कांनी उभ्यानंच वाचला. सही केली. म्हणाल्या, "टायपिंग छान आहे रे तुझं. एकही चूक नाही."

"अक्का, माझ्यामुळे…"

"तुझ्यामुळे नाही. वाजवलं मी. आणि मला ठाऊक होतं काय होईल ते." मग दारापाशी वळून, "भाऊ, पण नाचल्या ना रे पोरी!"

इथवर त्यांनी मला अंतर दिलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

साडेपाचला त्या हॉलमध्ये जातच राहिल्या. बंद पियानो फडक्यानं पुसायच्या आणि घरी जायच्या. नाना म्हणायचे, हे बघवत नाही.

मे महिन्यात सुट्टी लागली. ऑफिस तेवढं चालू. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की हॉलमध्ये मुलींसाठी शिवणयंत्रं बसवायची आहेत, जागा मोकळी हवी. दोंडाईच्याचे एक व्यापारी पियानो घेऊन जातील, पुढच्या सोमवारी. "आत्ताच कुठे बोलू नका," ते म्हणाले. "तुमच्या कायम नेमणुकीचा कागद अध्यक्षांकडेच आहे, विसरू नका."

माझी बायको तेव्हा पोटुशी होती.

अक्कांचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर. त्या आठवड्यात मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो. एकदा तर त्या दिसल्याही. ओट्यावर सासूची गादी उन्हात टाकत होत्या. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून उगाच काडेपेटी घेतली आणि परत फिरलो. सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? बहुधा काहीच नाही. पण एकदा येऊन वाजवला असता. नानांनी कुलूप काढून दिलं असतं.

सोमवारी टेम्पो आला. मी फाटकाच्या वहीत नोंद केली आणि हमालांना वाट दाखवली. नाना त्या दिवशी रजेवर गेले होते. त्यांना शनिवारी सांगितलं होतं मी, अक्कांना कळू द्यायचं नाही असं बजावून, म्हणूनच गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. अक्का सगळ्यांच्या आधी आल्या. हॉलमध्ये फरशीवर एक लांबट चौकोन उजळ दिसत होता. त्या त्याच्या कडेला उभ्या होत्या, आत पाय न टाकता.

"कुठे गेला?"

"दोंडाईच्याला. एका शेठजींनी नेला म्हणे."

"तुला कधी कळलं?"

आणि मी म्हणालो, "मलाही आज आल्यावरच, अक्का."

खोटं बोलायची काही गरज नव्हती. नेमणुकीचा कागद तोवर हातात पडला होता. तरी बोललो.

त्यांनी विश्वास ठेवला. पुढच्याच रविवारी म्हणाल्या, "भाऊ, मला सोबत चल. नुसता बघून येऊ. शेठजी भला माणूस असेल तर पाच मिनिटं बसू देईल." नाही म्हणायला तोंड नव्हतं. सासूपाशी शेजारीण बसवून आम्ही सकाळच्या एस.टी.नं निघालो. अक्का वाटभर बोलत होत्या. उन्हानं लाकूड तडकतं, खिडकीपाशी ठेवू नका म्हणून सांगायला हवं. आत उंदीर शिरतात. खालचे दोन सूर उतरलेत, ते मुंबईहून माणूस आणून लावून घ्या म्हणावं. सासरी गेलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलत होत्या.

शेठजी खरंच भले होते. मिरचीचा व्यापार, मोठं घर. आम्हाला बसवलं, ताक दिलं. "बाजा बघायला आलात? या ना, या. एक नंबर लाकूड निघालं, हो!" म्हणत त्यांनी आतल्या खोलीत नेलं.

पियानोचं देवघर केलं होतं. पुढची बाजू कापून तिथे जाळीची दारं बसवली होती. पट्ट्या होत्या तिथे आता फुलांचं ताट आणि निरांजन होतं. वर देव होते, नुकती पूजा झाली होती.

"आतलं…" अक्कांनी विचारलं.

"आतलं लोखंड भंगारात दिलं. फार जड होतं, जमीन खचली असती. पांढऱ्या पट्ट्या पोरांनी खेळायला नेल्या." मग शेठजी माझ्याकडे वळून हसले. "हे साहेब होते म्हणून सुखरूप आला. टेम्पोत चढवताना हेच तर उभे होते. किती काळजीनं दोरी बांधून घेतली!"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चेहरा पटकन आठवू नये तसं पाहिलं. मग चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पुढे झाल्या, देवांना हात जोडले. शेठजींच्या सुनेनं हळदीकुंकू लावलं. देव बसलेल्या लाकडाबद्दल कुणी काय बोलणार?

परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या. बाहेर नुसती नांगरलेली काळी रानं. देवपूरच्या थांब्यावर उतरताना म्हणाल्या, "तुम्ही बसा, तुम्हाला पुढे जायचंय."

तुम्ही. त्या दिवसापासून मी 'भाऊ' राहिलो नाही. 'क्लार्कसाहेब, तुम्ही' झालो. मस्टरवर सही करताना, रजेचा अर्ज देताना, संक्रांतीला तिळगूळ देतानाही. आवाजात कधी कडवटपणा नसायचा. मी कितीतरी वेळा बोलायला गेलो आणि पेन्सिल मागून परत आलो.

दोन वर्षांनी सासू वारली. तेरावं झालं आणि अक्कांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. फैजपूरला भावाकडे गेल्या. त्यांच्या जागी शिवणाच्या नव्या बाई आल्या. संगीताचा तास गणिताला गेला.

पुढे पाच-सहा वर्षांनी, माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा, मी जळगावात बॅटरीवर चालणारा एक की-बोर्ड घेतला आणि फैजपूरला गेलो. भावाच्या केळीच्या बागेला लागून घर. ओसरीवर चार-पाच मुली यंत्रावर झबली शिवत होत्या आणि अक्का त्यांना बोलीत दटावत होत्या, "अवं, असं काय करतं? उलटी शिवन टाकली नं!" केस पूर्ण पांढरे. उजव्या हाताची बोटं वातानं वाकडी झालेली.

मला पाहून त्या उठल्या. "या क्लार्कसाहेब. बसा."

मी खोकं उघडून पुढे ठेवलं. मुली शिवण टाकून भोवती जमल्या. अक्कांनी एकच पट्टी दाबली, बोट उचललं, आणि मुलींना म्हणाल्या, "जा, मांगच्या खोलीत घेऊन जा. वाजवा, तोडू नका."

आम्ही दोघंच राहिलो. त्या माझ्यासमोर बसल्या.

"तुम्ही माफी मागायला आलात ना?"

मी मान हलवली.

"मग मागा. हे खोकं कशाला आणलं?"

मी सांगितलं. एक आठवडा आधी कळलं होतं, दोनदा गल्लीत आलो होतो, तुम्ही गादी टाकताना दिसला होतात, नेमणुकीचा कागद, काडेपेटी, सगळं. आणि जूनमध्ये खोटं बोललो ते. त्यांनी मधे थांबवलं नाही, सावरूनही घेतलं नाही. मागच्या खोलीत पोरी एकाच वेळी सगळ्या पट्ट्या बडवत होत्या.

माझं संपल्यावर त्यांनी मुलींनी टाकलेलं एक झबलं उचलून यंत्रावर ठेवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्यानंतर दीडेक वर्षानं त्या गेल्याचं भावाचं पोस्टकार्ड आलं. बायकोनं विचारलं, त्या दिवशी त्यांनी तुम्हाला माफ केलं होतं ना? मी होय म्हणालो. खरं तर चहा पिऊन निघेपर्यंत मी 'भाऊ' एवढ्या एकाच शब्दाची वाट बघत होतो. त्यांनी फाटकापर्यंत येऊन, एस.टी. कुठे मिळेल ते नीट समजावून सांगितलं होतं.