सहाची वाट

मंडळी, दुपारपासून नातीचं एक वाक्य डोक्यातून जात नाही.

रेवा दुसरीत आहे. आज मल्लेश्वरमच्या घरी आम्ही दोघी ल्युडो खेळत होतो. तिची एकही सोंगटी घराबाहेर निघेना.

"अज्जी, सहा कमीच पडतो. एक कसा पटकन पडतो."

"सगळे आकडे सारखेच पडतात," मी आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरसारखी म्हणाले. "टाकून बघ."

मग खेळ थांबवून आम्ही नुसताच फासा टाकत राहिलो. सहा इतरांइतकाच पडला. मला वाटलं, पटलं पोरीला.

"आत्ता आपण त्याची वाट बघत नव्हतो ना, म्हणून पडला," ती म्हणाली. फासा माझ्या हातात देत म्हणाली, "तू पण अज्जांची वाट बघू नकोस. मग येतील."

तिचे अज्जा, म्हणजे आमचे हे. त्यांना विसर पडायला लागला होता. दोन वर्षांपूर्वी सकाळी फिरायला गेले, ते परतलेच नाहीत. तेव्हापासून व्हरांड्यातली माझी खुर्ची फाटकाकडे तोंड करून असते.

संध्याकाळी मी ती खुर्ची फिरवून ठेवली. हसू नका.

आत्ता हे लिहिताना मागे फाटकाची कडी वाजली. मी अजून वळले नाही. तुम्ही वळला असता का?